छापील बाजू वर

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं, मग जरा भरून येतं. दिवेआगरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिन्यात एका खासगी विद्यापीठाचा माणूस लेखी अर्ज घेऊन आला. एसटी स्टँडच्या कुंपणाला बांधलेला त्यांचा फ्लेक्स चोरीला गेला होता. दुसरा लावला, तोही गेला. फ्लेक्सवर विद्यापीठांच्या क्रमवारीतला त्यांचा नंबर भला मोठा छापलेला, आणि खाली बारीक अक्षरात सरकारी कृषी विद्यापीठाचा, बराच मागचा. यामागे प्रतिस्पर्ध्यांचा हात आहे, असा त्याला दाट संशय होता.

मी अर्ज चौकशीवर घेतला. खबर दिली स्टँडच्या कॅन्टीनवाल्याने, भजी तळता तळता. "साहेब, फ्लेक्स हितं दुसरीकडं कुठं जानार? लोकांची अंगणं बघा. सुपारी वाळतेय." त्याचं खरं होतं. आमच्याकडे पुढाऱ्यांचे वाढदिवस उरकले की त्यांचे फ्लेक्स अंगणात येतात आणि त्यांवर सुपारी वाळत घालतात. छापील बाजू नेहमी खाली, म्हणजे सुपारीला रंग लागत नाही.

आम्ही अंगणं पालथी घातली. पुढारी पुष्कळ सापडले, विद्यापीठ सापडेना. माझ्यासोबतचा हवालदार स्वतः सुपारीच्या वाडीत वाढलेला. एका अंगणात तो थबकला. "साहेब, छापील बाजू वर कोण ठेवतं?" तिथे शेजारी शेजारी अंथरलेल्या दोन फ्लेक्सवरची सुपारी त्याने बाजूला सारली, तर दोन्हींवर तोच नंबर.

घरातली बाई बाहेर आली. मी ओटीवरच चौकशीला बसलो.

"वाऱ्यानं उडून आला," ती म्हणाली.

"दोन्ही, वहिनी? दोऱ्या तर कोयत्याने कापल्यात."

तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "व्हय, मीच काढले. पोरीला शेतकीच्या कॉलेजात जायचंय. हे रोज स्टँडवर जातात, तो नंबर वाचतात नि घरी येऊन सांगतात, खालच्या नंबराला न्हाय पाठवायची. पोर धड जेवत न्हाय, साहेब."

"आणि छापील बाजू वर का?"

"सुपारी पायानं फिरवावी लागते ना. त्या नंबरावरनं चालायला बरं वाटतं."

इतक्या वर्षांत असा कबुलीजबाब मी ऐकला नव्हता. तेवढ्यात नवरा वाडीतून आला आणि सगळं ऐकून ओशाळला. पण हटला नाही. "साहेब, नंबर काय खोटा हाय?"

"खोटा न्हाय, बाबा," दारात उभी असलेली मुलगी म्हणाली. "पण त्यात मोजलंय काय? आपल्या सुपारीवर रोग पडला तर कोण धावत येतं, ते मोजलंय का?"

"मग आम्ही ठरवायचं कसं? आम्ही कुठं कॉलेजात गेलोय? आम्हाला नंबरच कळतो."

मला दोघांचंही पटलं. मी त्याला म्हटलं, "आमच्या ठाण्याचाही जिल्ह्यात नंबर लागतो. खालून मोजलं तर आम्ही लवकर सापडतो. येईल त्याची तक्रार लिहून घेतो, म्हणून गुन्हे जास्त दिसतात. लोकांना दारातून परत पाठवणारं ठाणं वर असतं. उद्या तुमच्याकडे चोरी झाली तर कुठे जाल?"

त्याने अंगणातल्या त्या नंबराकडे पाहिलं. "तुमच्याकडंच येनार."

फ्लेक्स ठाण्यात आले. अर्जदाराला बोलावून सगळी हकीकत सांगितली आणि सहज विचारलं, तुमचं स्वतःचं विद्यापीठ कुठलं? "सरकारीच, साहेब," तो म्हणाला, आणि त्याने अर्ज मागे घेतला. पुढच्या महिन्यात बापानेच मुलीला कृषी विद्यापीठात नेऊन घातलं.

नंबर पाहू नये असं मी म्हणणार नाही. त्या बापासारख्याला दुसरा आधार नसतो. पण गुन्ह्याच्या तपासात आपण साक्षीदाराला विचारतो, तू कुठे उभा होतास, तुला तिथून काय दिसलं. तेच नंबराला विचारावं, एवढं मी त्या अंगणात शिकलो.

मी निवृत्त झाल्यावर एकदा त्या बापाचा फोन आला. "साहेब, पोरीच्या विद्यापीठाचा नंबर यंदा आणखी खाली गेला."

"मग?"

"मग काय. आता तिथं माझी पोर शिकवते. त्यांना म्हणावं, परत मोजा."