जावईबापूंच्या हातची गोळी

आमच्या सात पिढ्यांत कोणी डॉक्टर झालं नाही. औषधं मात्र मी देतो.

कळव्याच्या सासूबाई आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आल्या त्या गुडघा धरूनच. माझ्या कंबरदुखीच्या गोळ्या कपाटात होत्याच.

"आई, ही घ्या. सूज, ठणका, सगळं गायब!"

"अहो, तिची हार्टची गोळी चालू आहे, रक्त पातळ करायची," बायको म्हणाली. "डॉक्टरांना विचारते थांबा."

"अगं, ती हार्टची, ही गुडघ्याची. संबंध काय?"

सासूबाईंनी गोळी कपाळाला लावून गिळली. जावयाने दिलेलं परत करायचं नाही, ही त्यांची रीत! (मी खडू दिला असता तरी गिळला असता.)

गुडघा खरंच दुखायचा राहिला! मग रोज सकाळ-संध्याकाळ गोळी, आणि मी बिल्डिंगभर भाव खात फिरतोय. बरं वाटलं म्हणून सासूबाई एका रविवारी जावयासाठी ओले बोंबील साफ करायला विळीवर बसल्या आणि बोट कापून घेतलं.

कापलं होतं एवढंसं. पण रक्त थांबेचना! हळद झाली, कॉफी पावडर झाली, माझा नवा रुमाल झाला. "घट्ट दाबा! हात वर धरा!" असं ओरडता ओरडता मीच मटकन खाली बसलो. सासूबाई दुसऱ्या हाताने मला पदराने वारा घालायला लागल्या.

"घाबरू नका हो जावईबापू, म्हातारीला काय होतंय?"

त्यांचे ओठ पांढरे पडत होते. तेव्हा मात्र माझी खरोखर तंतरली. तसंच रिक्षात घालून दवाखाना गाठला.

टाके घालता घालता डॉक्टरांनी गोळ्यांची चौकशी केली आणि कपाळावर हात मारला. "रक्त पातळ करायची गोळी चालू, त्यावर ही दुखण्याची! ही पण रक्त गोठू देत नाही. या वयात पोटात रक्तस्राव झाला असता तर कळलंही नसतं. दिली कोणी?"

"आमच्या जावईबापूंनी," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "फार माहिती आहे त्यांना!"

"काय करता आपण?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"अकाउंट्समध्ये आहे."

"मग तिथेच राहा."

सासूबाई आता ठणठणीत आहेत. जावयाचा मानही तसाच ठेवतात. परवा मी त्यांना साधं पाणी नेऊन दिलं. त्यांनी तांब्या आदराने कपाळाला लावला आणि हळूच लेकीला विचारलं, "डॉक्टरांना विचारलंयस ना गं?"