सोफ्याला शोभणारी रायफल

शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासासरशी मला वीस वर्षांपूर्वीचं ब्रेडा या डच शहरातलं बंदुकांचं दुकान आठवतं. माझा नवरा शिरीष संग्रहासाठी पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल निवडत होता. संग्रह म्हणजे काय, तर तोवर भिंतीवर टांगलेली एक पत्र्याची तलवार! दुकानदार बिचारा नेम कसा धरायचा ते सांगत होता आणि हा मला विचारत होता, "आपल्या सोफ्याला यातलं कुठलं लाकूड शोभेल गं?"

त्या खंडेनवमीला माझं मशीन पाटावरून खाली उतरवून त्याने तिथे रायफल मांडली. म्हणाला, "पूजा शस्त्रांची असते."

त्या शस्त्राने आजवर नेमबाजीच्या क्लबातल्या कागदांना भोकं पाडली, बस्स. भोकं काय, माझी सुईही पाडते. निदान तिच्यामागे दोरा तरी असतो.