रांजणाखालच्या पाच बिया

तामलवाडीत बियाण्याची खात्री करायची तर पिशवीवरचं लेबल कुणी वाचत नसे, कडूबाईला विचारत. घरचं सोयाबीन राखण्यात या बाईचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. पेरणी जवळ आली की ती पोत्यातल्या पाच बिया ओल्या फडक्यात बांधून रांजणाखालच्या गारव्यात ठेवी आणि काही दिवसांनी फडकं सोडी. पाचही मोडावल्या की झालं. "बिनघोर पेरा," एवढंच सांगे. सात-आठ घरं तिचंच बी नेत. तिचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता आणि त्याचा तिला गर्वही होता. का नसावा?

यंदाही पाचांना मोड आले. बी घरोघर गेलं.

तिची सून वैष्णवी तुळजापूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. रविवारी ती रांजणाशी वाकली आणि फडकं बघून थबकली.

"आत्याबाई, पाचच?"

"पाच आल्या की समद्या येत्यात."

वैष्णवीला राहवेना. "पाचांत पाच म्हणजे शंभर टक्के. आमच्या सूत्रात घातलं तर चूक शून्य येते, शंकेला जागाच न्हाय! पण तिथंच त्या सूत्रावर भरवसा ठेवायचा नसतो. उगवलेल्या किमान दहा अन् न उगवलेल्याही किमान दहा असतील, तरच तो घंटेच्या आकाराचा वक्र लागू पडतो. तरच अंदाज किती इकडं-तिकडं होईल ते त्यावरून सांगता येतं. तुमच्याकडं तर मेलेली एकही न्हाय. साठ टक्क्यांचं बी असलं तरी बारा-तेरा वेळांतून एकदा पाचही उगवतात."

कडूबाईला वक्र कळला नाही. मेलेल्या बिया मोजायला हव्यात एवढं मात्र कळलं, आणि तेच तिला झोंबलं. "पेरणीच्या तोंडावर म्या मेलेल्या मोजायच्या व्हय?" म्हणाली आणि सुनेशी धड बोलेना.

वैष्णवीनं तरीही सगळ्या पोत्यांतून थोड्या थोड्या मिळून शंभर बिया काढल्या, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडल्या आणि गोणपाट गुंडाळला. त्यावर रोज पाणी शिंपडलं ते कडूबाईनंच. राग आपल्या जागी, पण बी कोरडं पडलेलं तिला बघवत नसे.

गोणपाट उघडला त्या सकाळी शिवारात पेरणीजोगा वाफसा आला होता. दोघींनी मिळून मोजलं. अठ्ठावन्न उगवल्या होत्या. बाकीच्या तशाच, काही बुळबुळीत. यंदा पोती पत्र्याखाली थप्पी लावून ठेवली होती, उन्हाळाभर उकडली असणार.

"आता दोन्हीकडं दहाच्या वर आहेत," वैष्णवी हळूच म्हणाली. "आता हिशेब चालतो. शंभरात अठ्ठेचाळीस ते अडुसष्टच्या मधे कुठंतरी. पेरायच्या बियाला निदान सत्तर लागतात, तिथंही पोचत न्हाय, आत्याबाई."

कडूबाई उठली ती अनवाणीच निघाली. गावालगतच्या पहिल्याच रानात, तिचंच बी नेलेल्या महादेवीची तिफण चालू होती. नवरा बैल हाकत होता आणि महादेवी तिफणीवरच्या वाटीसारख्या चाड्यावर मूठ धरून बी सोडत होती. अर्धं रान पेरून झालं होतं.

"थांब गं! शंभरात बेचाळीस मेल्यात," कडूबाई धापा टाकत म्हणाली.

महादेवी हसली. "कायतरीच! फडक्यातल्या पाची तुमीच दावल्या की मला. तुमचं बी कवा मेलंय व्हय?" आणि तिनं मूठ पुन्हा चाड्याकडं नेली.

कडूबाईनं दोन्ही तळवे चाड्यावर पालथे घातले. जन्मात तिनं कुणाची पेरणी अडवली नव्हती. आपल्याच शब्दाची तिला आज भीती वाटली.

"माझा शब्द धरू नको, बाई. माझंच चुकलंय."

नवऱ्यानं बैल थांबवले. महादेवीनं मुठीतलं बी ओटीत सोडलं आणि मागं वळून पेरून झाकलेल्या तासांकडं बघत राहिली.

"आन ह्यात पेरलेलं?" तिनं विचारलं.

कडूबाईचे हात अजून चाड्यावरच होते.