डब्यातले ठोके

आमच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे पेशंट म्हणायचे. खरं तर तो स्टोअरकीपर होता. स्क्रू, वायर, बॅटऱ्या मोजून देणं आणि मागायला आलेल्याला आधी दोन शब्द ऐकवणं हे त्याचं काम. "परवा नेलेलं सोल्डर काय चहात ढवळून प्यायलास?" असं विचारल्याशिवाय त्याने मला कधी काही दिलं नाही.

आम्ही लष्करासाठी छोटे मॉनिटर बनवायचो. जखमी जवानाच्या छातीला चिकटपट्ट्या लावायच्या, बोटाला चिमटा लावायचा, की मग स्ट्रेचर घेऊन पळताना किंवा गाडीत हादरे बसत असतानाही ते यंत्र त्याची नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन दाखवत राहायचं. आकार जेवणाच्या डब्याएवढा, म्हणून आम्ही त्याला डबाच म्हणत असू. असा डबा तपासायचा तर जिवंत माणूस लागतो. इंजिनिअरांना वेळ नसे, आणि मला चारचौघांत उघड्या छातीने पडायची लाज वाटे. हा आपणहून पुढे आला आणि मग कायमचा पेशंट झाला. आम्ही त्याला ओल्या कपड्यांत झोपवलं, थंड खोलीत ठेवलं, जीपमध्ये बांधून खडबडीत माळावर फिरवलं.

"आज काय झालंय मला?" सकाळी आल्या आल्या तो विचारायचा.

"आज तुझा पाय गेलाय."

"डावा की उजवा? नीट सांग. घरी बाजाराची पिशवी कोण उचलणार ते त्यावर ठरेल."

आघाडीवर अंधारात आवाज चालत नाही आणि उजेडही चालत नाही. म्हणून डब्याच्या पाठीत एक बारीक मोटर बसवली होती. पेशंटच्या हृदयाचा ठोका पडला की डबा हातात धरणाऱ्याच्या तळहातावर हलकी थाप पडे. ती मोटर बसवायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्यांदा थाप फार जोरात बसली. डबा हातात घेऊन तो म्हणाला, "अरे, माणसाचं काळीज आहे हे, दाराची कडी नव्हे." मग मी ती कमी करत गेलो. तो डोळे मिटून बसायचा आणि "अजून हळू, अजून" म्हणत राहायचा. शेवटी एकदा तो काहीच बोलला नाही, तेव्हा मी स्क्रू घट्ट केला.

पुढे लष्कराच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की डब्यात सरावाचा धडाही हवा. शिकणाऱ्या जवानांना रोज खरा जखमी कुठून आणणार? तेव्हा एका निरोगी माणसाचे ठोके भरून ठेवायचे आणि त्यांवरून खोटा जखमी तयार करायचा. ठोके अर्थातच पेशंटचे घेतले. तो निश्चल पडला होता, खोलीत कुणी श्वासही जोरात घेत नव्हतं, आणि नेमकं माझं पोट गुरगुरलं. त्याने ओठ दाबून धरले तरी छाती गदगदलीच, आणि पडद्यावरची रेघ केसाळ झाली. सॉफ्टवेअरवाली मुलगी म्हणाली, "पुन्हा घेऊ या." डॉक्टरबाई म्हणाल्या, "असू दे. पेशंट हलला की रेघ अशी दिसते, हे मुलांना कळायला हवं. नाहीतर घाबरून भलतंच औषध देतील."

पुढचं त्या मुलीने कॉम्प्युटरवर रचलं. रक्त जायला लागतं, ठोके पळायला लागतात, मग बारीक होतात. शिकणाऱ्याने योग्य वेळी योग्य उपाय केला आणि शिकवणाऱ्याने सावरायचं बटण दाबलं, तर पेशंट सावरतो. नाहीतर रेघ सपाट होते आणि तळहातावरची थाप थांबते. पहिल्या चाचणीला तो स्वतः माझ्या शेजारी उभा होता. सपाट रेघ बघून म्हणाला, "जेवायची सुट्टी व्हायच्या आत मारलंत मला." सगळे हसले. बाहेर आल्यावर मात्र त्याने माझी बाही धरली आणि म्हणाला, "घरी सांगू नकोस हं हे."

डबे गेले. कुठल्या कुठल्या छावण्यांत आणि शाळांत गेले, ते आम्हाला सांगायची पद्धत नव्हती.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात तो गेला, तोही झोपेत. वहिनी शेजारीच झोपल्या होत्या. सकाळी उठवायला त्यांनी हात लावला तेव्हा तो गार पडला होता. आलेला जो तो म्हणत होता, किती सुखाचं मरण, काही कळलंसुद्धा नाही. वहिनी प्रत्येकाला तेच सांगत होत्या, "मलाही कळलं नाही."

त्यांना धीर द्यायला म्हणून कुणीतरी बोलून गेलं की वहिनी, तो आमच्या डब्यात अजून आहे. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. मग रद्द झालेल्या मालातला एक जुना डबा मी रीतसर परवानगी काढून त्यांना नेऊन दिला. धडा कसा सुरू होतो ते सांगितलं नाही, नुसते ठोके लावून दिले.

त्यांनी दोन्ही हातांत डबा धरला. मग म्हणाल्या, "हे आडवे झाले की असेच पडायचे. मी हात ठेवून बघायची." नंतर कधीही गेलो तरी डबा त्यांच्या मांडीवर असे. भाजी निवडताना बाजूला ठेवत आणि लगेच पुन्हा उचलत. मला ते पाहवत नसे, पण काढून घ्यायचं धाडसही होत नसे.

एके दुपारी त्या माझ्या दारात आल्या. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. डबा टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलेला.

"भाऊजी, पुन्हा गेले."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. खुर्चीत डोळा लागला होता म्हणाल्या, आणि जाग आली तेव्हा हातात काहीच लागत नव्हतं. झोपेत त्यांचा अंगठा बाजूच्या बटणावर दाबून राहिला होता. धडा सुरू झाला होता आणि त्या झोपेत असतानाच संपलाही होता.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं. डबा बंद करून पुन्हा लावला, ठोके पडायला लागले, तरी त्यांनी हात पुढे केला नाही.

"म्हणजे हे असं सारखं होतं?"

"शिकवताना होतं, वहिनी. खोटं असतं ते."

"खोटं कसं? ठोके यांचेच ना?"

मी डबा टेबलावर ठेवला.

"आणि कुठे कुठे होतं?"

"जिथे जिथे डबे गेलेत तिथे."

"आत्ता, आपण बोलतोय तेव्हाही?"

"होत असेल."

त्या टॉवेलची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढा त्यांना तिथून. एकदा गेलं ना माणूस? पुरे झालं."

मोठ्या लोकांसमोर मला बोलता येत नाही. तरी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांच्या टेबलासमोर उभा राहून जे पाठ करून आलो होतो ते निम्मं विसरलो, पण त्यांना मुद्दा कळला. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"नव्या डब्यांत बदलून टाकू. कॉम्प्युटरने तयार केलेले ठोके घालू, कुणाचेच नसलेले. पण जे बाहेर गेलेत ते मला परत मागवता येणार नाहीत. काही तर कुठे आहेत हेही मला ठाऊक नाही."

"मग त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा," त्या म्हणाल्या. "मुलं वाचवतातही त्यांना. पुष्कळदा वाचवतात. तेही सांगा."

मी दोन्ही सांगितलं. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. पलंगाच्या त्याच्या बाजूला उशी तशीच होती, आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते, जागा रिकामी दिसू नये म्हणून असावं. डबा टेबलावर होता. त्या दिवसापासून त्यांनी तो उचलला नव्हता.

"थांबणारच नाही म्हणजे," त्या म्हणाल्या.

"डबे जुने होतील, बिघडतील. तेव्हा थांबेल."

"आणा इकडे तो."

मी दिला.

"आता तो धडा लावा. ते गेले त्या रात्री मी झोपेत होते, आणि त्या दिवशी खुर्चीतही. एकदा जागेपणी धरू द्या."

"वहिनी, सावरायचं बटण आहे. मी दाखवतो. ते दाबलं की..."

"नको."

"तुम्हाला त्रास होईल."

"भाऊजी, बसा खाली. उभे राहून घाई करू नका."

मी बटण दाबलं आणि स्टुलावर बसलो. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, डोळे मिटून घेतले. मला पडदा दिसत होता. मधे ती केसाळ रेघ आली आणि गेली. मग ठोके वाढले. वहिनींची बोटं डब्याभोवती आवळली आणि त्या अगदी हलक्या आवाजात काहीतरी बोलू लागल्या. मला उद्देशून नव्हतं ते, म्हणून मी ऐकलं नाही. गॅस बंद केलाय, कडी लावलीय, असलं काहीतरी रोजचंच होतं. ठोके बारीक होत गेले. माझा हात दोनदा बटणाकडे गेला आणि दोन्ही वेळा मी तो मागे घेतला.

रेघ सपाट झाली तरी त्या बोलतच होत्या. मग थांबल्या.

"गेले," त्या म्हणाल्या. "या वेळी कळलं मला."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डबा माझ्या हातात दिला. डब्याची पाठ त्यांच्या हातांनी गरम झाली होती. मी तो बंद केला. तरी घरी नेताना मी तो पिशवीत टाकला नाही, तळहातावर धरूनच नेला.