जाड दांड्याचा चमचा

खरं सांगते, मला त्या चमच्याचा राग आला. माणसाचा येतो तसा.

लेकाला जळगावच्या त्या घरात ठेवून तीन महिने झाले होते. जन्मापासून हातपाय आखडलेली पाच-सहा तरुण मुलं तिथं राहतात, मदतीला एक ताई असते. रविवारी मी पारोळ्याहून भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन गेले. लेक वॉकर ढकलत दारात आला. वॉकरच्या टोपलीत झाकणाचा पेला.

"माय, पानी ले."

"मी काय पाव्हनी शे का?" मी म्हटलं आणि पेला तसाच बाजूला ठेवला. आमच्याकडे पाणी पाहुण्याला देतात. घरचं माणूस माठातून आपलं आपण घेतं.

जेवायला बसलो. सवयीनं मी घास केला आणि त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं मान फिरवली आणि आपला चमचा उचलला. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवलेलं. त्याच्या आखडलेल्या बोटांत ते जाड रबर बरोबर बसत होतं. चुरलेली भाकरी अर्धी सांडली, अर्धी पोटात गेली. ताई कौतुकानं बघत होती, आणि माझा नुसता तिळपापड झाला. चोवीस वर्षं मी भरवलं. तापात भरवलं, लग्नाच्या पंगतीत लोक टकमक बघत असताना भरवलं. आणि ही बाई आयत्या पिठावर रेघोट्या ओढतेय! वर मलाच सांगते, "अक्का, त्याचं त्याला करू द्या."

भांडी मी घासते म्हटलं. घासली, आणि तो चमचा गुपचूप माझ्या पिशवीत टाकला. चोरी म्हणा हवं तर. संध्याकाळी चमचा सापडणार नाही, मग याला माझा हात आठवेल, एवढंच मनात होतं.

निघताना लेकानं माझा डबा हातात दिला. परतीच्या बसमध्ये, एरंडोल यायच्या जरा आधी, डबा जड का लागतोय म्हणून उघडला. आत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. खडा दातांनी फोडलेला. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. शेजारणीच्या डब्यात मी काहीबाही घालायचे, तेव्हा हा खाटेवरून नुसता बघायचा.

एरंडोलला उतरले आणि जळगावची बस धरली.

पोचले तेव्हा संध्याकाळची जेवणं चालली होती. हा रुसून बसला असेल, असं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, रुसलेला असावा अशीच माझी इच्छा होती. तर हा जेवत होता. साध्या चमच्याला त्यानं आपला रुमाल गुंडाळला होता. गाठ अजून ओली होती, दातांनी मारलेली.

मी पिशवीतून चमचा काढला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. लेक वॉकर धरून उठला, माठापर्यंत गेला, पेला भरून टोपलीत ठेवला आणि सावकाश माझ्याकडे आला.

"माय, पानी ले."

मी दाराजवळच्या खुर्चीवर पाहुणीसारखी बसले आणि पेला रिकामा होईपर्यंत प्यायले.