दोनय तुझ्या पदरात

दशावतारातल्या तातूने मला फसवलं. हे आधी सांगून टाकते, कारण अजून बांद्याच्या बाजारात त्याचं नाव निघालं की लोकांचे डोळे भरून येतात आणि फसवणारी मीच असल्यासारखं माझ्याकडे बघतात.

दुसरी गोष्ट. भुतंखेतं, झपाटणं हे मी कधी मानलं नाही. पंधरा वर्षं डोक्यावर पाटी घेऊन आरोंद्याहून बांद्याला मासे विकले, काळोखात निघायचे, वाटेत मसण लागायचं. मेलेल्या माणसाने कधी वाट अडवली नाही. अडवली ती जिवंतांनीच.

तातू आमच्या ह्यांचा दोस्त. दशावतारात संकासूर करायचा. तेच, काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल कापडी जीभ. वेद चोरणारा राक्षस, पण बोलायचा आपली मालवणी आणि माणसं हसून लोळायची. दशावतारात लिहिलेलं काही नसतं. कोणी वही ठेवत नाही. नट उभा राहतो आणि सुचेल ते बोलतो. म्हणून कुठलं वाक्य कोणाचं, याला पुरावा नाही. तातूला हे चांगलं ठाऊक होतं.

खाडीपलीकडे तेव्हा फिरंग्यांचं राज्य होतं. त्याच काळात एका वर्षी आमची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. हे सापडले नाहीत, होडीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी खाडीत गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले. रडायला येत नव्हतं. मला एकच गोष्ट येत होती, भाव करणं. तेच केलं. ओरडून म्हटलं, "नवरो घेतलंस, आता होडी तरी परत दी. दोनय तुझ्या पदरात, मगे ह्यो सौदो कसलो?"

मागे, लांब, माडाखाली तातू उभा होता. मला न्यायला आला होता. घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, माणूस चांगला आहे.

पुढल्या हंगामात बाजारात एका गिऱ्हाइकाने पैसे टेकवले आणि हसत म्हणाला, "पैसे घेतलंस, आता एक बांगडो तरी परत दी. दोनय तुझ्या पदरात, मगे ह्यो सौदो कसलो?"

हातातला बांगडा तसाच राहिला. विचारलं, हे कुठे ऐकलंस? तो म्हणाला, गो बाये, खंय ऱ्हवतंस तू? तातूचा सौदा सगळ्या मुलखाला पाठ आहे. विष्णू वेद सोडवायला येतो तेव्हा संकासूर म्हणतो, वेद घेतलंस, आता शंख तरी परत दी... बाजूच्या चारजणी त्याच्याबरोबर म्हणायला लागल्या. हसता हसता एकीची पाटी कलंडली.

तातूला मी देवळाच्या पायरीवर गाठला. जे बोलले ते इथे छापता येणार नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "वैनी, तोंडातसून गेला. लोक हसले, मगे माका थांबवक जमला नाय."

साडी घेऊन देतो म्हणाला. मी म्हटलं, साडी तुझ्या खेळातल्या माधवीच्या सोंगाला नेसव. मला सगळ्या जत्रेसमोर ऐकायचंय, हे वाक्य कोणाचं आणि ती ते कुठे उभी राहून बोलली. त्याने पायरीवर हात ठेवून शपथ घेतली. येत्या जत्रेक सांगतंय.

ती जत्रा गेली. पुढली गेली. दर वेळी कारण. पाऊस आला, कंपनीचा मालक रागावला, लोक रंगात होते. आयुष्यभर मी भल्याभल्यांना भावात वाकवलं, पण हा माणूस हसवून निसटायचा. आणि मग एका आषाढात तापाने गेला. न सांगताच.

दिवसकार्य झाल्यावर बांद्याच्या शाळेत त्याच्यासाठी सभा भरली. दुपारची वेळ, उन्हाची तिरीप पडलेली, चाळीसएक माणसं. खुर्चीवर संकासुराचे कपडे नीट बसवले होते, वर झेंडूचा हार. एकेक जण उठायचा, तातूच्या आठवणी सांगायचा आणि शेवटी तिथेच यायचा. दोनय तुझ्या पदरात. हसणं, मग डोळे पुसणं. पाचव्या माणसानंतर मी उठले.

कंपनीचा म्हातारा मालक म्हणाला, "बाये, आधी गाऱ्हाणा होवंदे, मगे तू बोल."

बसले. रागाने पदर दातांत धरला होता, हे मुद्दाम लिहिते. म्हाताऱ्याने हात जोडून देवाला गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या तातून लोकांक हसवल्यान, आणि दर वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. शेवटी तो म्हणाला, "कोणाक काय सांगूचा ऱ्हवला आसात तर ता सांगून त्याका मोकळो कर रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा.

आणि खुर्चीवरून आवाज आला. तातूचा नाही. माझा. खाडीवरच्या त्या सकाळचा, घसा फाटलेला.

"नायतर माका पण घे."

हे मी त्या दिवशी पाण्याला म्हटलं होतं. ओरडून नाही... ओठांतल्या ओठांत, सौद्यातली शेवटची बोली म्हणून. माडापर्यंत काय, माझ्याच कानापर्यंत पोचलं नसेल. नंतर कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

मी जाऊन खुर्चीवरचे कपडे उचलले. खाली नुसतं लाकूड. खिडकीबाहेर मोकळं अंगण. कंपनीतल्या एकेकाला नंतर गाठून विचारलं. माझी नक्कल करणारा एकच होता, आणि त्याला आम्ही जाळून आलो होतो. कोणी म्हणतात, तूच बोललीस. दातांत पदर धरून?

पण खरी गोष्ट पुढे आहे. ते कपडे अजून माझ्या हातात होते, तेव्हा म्हातारा हळूच म्हणाला, "तातू मेलो तरी गप ऱ्हवणा नाय." एकजण हसला. मग दुसरा. मग सगळे... सुटल्यासारखे. मी काय सांगायला उठले होते ते कोणी विचारलं नाही.

आज बांद्यात माझं स्वतःचं दुकान आहे. तिथे उभी राहून मी ऐकते, लोक पोराबाळांना तातूचा शेवटचा विनोद सांगतात. नायतर माका पण घे. म्हणजे तेही त्याच्याच नावावर गेलं. त्याने शपथ पाळली की उरलंसुरलंही उचललं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या सभेतले कोणी हे वाचत असतील. तो आवाज बाईचा होता, आणि ती बाई तुमच्यासमोर उभी होती. तुम्ही ओळखलंत. मग हसलात कशाला? एकाने तरी दुकानावर येऊन सांगावं. भाव करणार नाही.