डिकीतले दगड

आमच्या कोल्हापूरच्या घरापुढं एकच गाडी मावते आणि आमच्याकडं आहेत दोन. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अँबॅसिडर आणि माझी झेन. दोघीही आता म्हाताऱ्या. थोरली मागच्या चाकांनी ढकलत जाते, धाकटी पुढच्या चाकांनी ओढत. एक कुठली तरी रोज गल्लीत उभी राहते आणि शेजारी कुरकुरतात. पण माझ्या डोक्याला वर्षभर भुंगा लागला होता तो शेजाऱ्यांमुळं नव्हे. अँबॅसिडरचा क्लच दाबताना आबांचा गुडघा थरथरतो हे मी बघितलं होतं, आणि शाहूवाडीकडच्या भातशेतीला ते तीच घेऊन एकटे जातात. ते गेले की मला एका जागी बसवत नाही. हातातलं काम टाकून दारात येते, फोन बघते, पुन्हा आत जाते. ती गाडी विकायची, एवढंच मला दिसत होतं.

म्हणून परवा मी हट्टानं त्यांच्या हातात झेन दिली आणि शेजारी बसले.

शेताच्या अलीकडं लाल चिखलाचा चढ आहे. पावसाळ्यात तिथं आबांचा नेम ठरलेला. पायथ्याला थांबायचं, ओढ्यातले दगड डिकीत भरायचे, मागच्या चाकांवर वजन आलं की अँबॅसिडर झक मारत वर जाते. वर नेऊन टाकलेल्या दगडांचाच आमच्या शेताला बांध झालाय. त्या दिवशीही ते उतरले आणि दगड भरायला लागले.

"आबा, हिला मागं वजन नको. हिचं बळ पुढच्या चाकात हाय."

"मला शिकवू नगंस. जल्म गेला ह्या चढावर."

निम्म्यात पुढची चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी मागं घसरायला लागली. मी हँडब्रेक ओढला तेव्हा ओढा हातभर राहिला होता. मला राग आला होता. कशीबशी गाडी पायथ्याच्या सपाटीला घेतली, दगड काढून टाकले.

"आता वळवून रिव्हर्समध्ये वर न्या," मी म्हणाले. "मग चढावर वजन पुढच्या चाकांवर येतंय."

गाडी वळवून आबांनी मागं बघायला मान फिरवली. ती खांद्यापर्यंतसुद्धा गेली नाही. त्यांनी पुन्हा फिरवून बघितली. मग उतरले आणि मला जागा दिली.

झेन उलटी, पण सरळ वर गेली. आबा मागून चालत आले, धापा टाकत.

"अँबॅसिडरला गिऱ्हाईक बघ," म्हणाले.

हेच ऐकायला मी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. आता मात्र त्यांनी भांडावं असं मला फार वाटलं.

"एवढी काय घाई हाय? चिखलच जास्ती होता."

"न्हाय. बास झालं."

शेत बघून निघताना मी किल्ली त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती बघितली, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.